केळी पावती प्रकल्पाच्या नोंदी : एआयने लिहिलेल्या कोडवर सही कोणाची

१ डिसेंबर २०२५, सोमवार, जळगाव

आजपासून नोंदी ठेवायला घेतल्या, कारण मागच्या चार दिवसांत जे झालं ते दोन महिन्यांनी कोणी विचारलं तर मला धड सांगता येणार नाही.

प्रकल्प तसा साधा आहे. केळीचा ट्रक भरला की शेतकऱ्याच्या हातात एक पावती पडते, कार्बनची, दोन पावसाळ्यात पुसली जाते, आणि हिशेबाचा वाद निघाला की ती कोणालाच वाचता येत नाही. आम्ही चौघं मिळून मोबाईलवर चालणारं पावती-हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवतोय, कोड सगळ्यांना खुला, कोणत्याही शेतकरी गटाने फुकट घ्यावं आणि वापरावं. चौघं म्हणजे मी, रावेरचे दादा (घरची केळी, दिवसा बाग आणि रात्री कोड), अमळनेरची मैत्रीण जी टेस्ट आणि स्क्रीन बघते, आणि आमचा धुळेकर, वय तेवीस, दिवसा नोकरी करतो आणि रात्री अकरानंतर ऑनलाइन येतो. आल्यागेल्या कोडवर शेवटची नजर माझी असते, मर्जचं, म्हणजे कोड मूळ प्रकल्पात घ्यायचं, बटण माझ्याकडे आहे.

शुक्रवारी रात्री धुळेकरची पुल रिक्वेस्ट (पीआर, म्हणजे हा कोड आत घ्या अशी विनंती) आली. चौदाशे ओळी. हिशेबाचा अख्खा भाग, पावत्या, एकूण, थकबाकी, पीडीएफ, टेस्ट, सगळं. इतकं काम त्याला एरवी महिनाभर पुरलं असतं. चालवून बघितलं, चाललं. टेस्ट, म्हणजे कोडला आपोआप तपासणारे छोटे प्रोग्राम, सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. खरं सांगायचं तर बघून आनंदच झाला आधी, मग शनिवार-रविवार वाचायला बसले आणि आज सोमवारी रात्रीपर्यंत निम्मंच झालंय. कोड स्वच्छ आहे, नावं नीट आहेत, कमेंट (कोडमधल्या समजावणाऱ्या टिपा) जिथल्या तिथे आहेत, पण वाचताना धुळेकरचा आवाज कुठे येत नाही. त्याचा कोड मी दोन वर्षं वाचतेय, तो कसा अडतो, कुठे घाई करतो हे मला माहिती आहे. हा दुसऱ्याच कोणाचा हात आहे.

४ डिसेंबर, गुरुवार

फोनवर सरळ विचारलं, हे एआयने लिहिलंय का. तो म्हणाला, "हो ताई, बहुतेक सगळं. चुकलं का काही?"

चुकलं असं नाही म्हटलं मी. आमच्याकडे तसा नियमच नव्हता, मग चूक कसली. मी स्वतः रोज वापरते. पण मग एका फंक्शनवर (एक ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यावर) बोट ठेवलं, थकबाकी काढताना तारखेची तुलना दोनदा का केलीये म्हणून विचारलं, तर थोडा वेळ शांत राहिला आणि म्हणाला, त्यानेच तसं दिलं, मी राहू दिलं.

इथे मला पहिल्यांदा नेमकं कळलं की काय खुपतंय. आधी कोड लिहायला जास्त वेळ लागायचा आणि वाचायला कमी. आता लिहायला वीस मिनिटं आणि वाचायला तीन रात्री. आणि ज्याने पाठवलं त्यानेच वाचलं नसेल तर त्या तीन रात्री त्याच्या वाट्याच्या मी जागते. टीममध्ये कोणी असं मुद्दाम करत नाही, धुळेकर तर मनाने अगदी सरळ पोरगा आहे, नोकरीवरून थकून येऊन फुकटचं काम करतो, त्याला वाटलं सगळ्यांचं काम सोपं करतोय. म्हणून रागवायचं कोणावर हा प्रश्नच नाही. पण वजन कोणाच्या डोक्यावर सरकतंय ते बोलून घ्यायला पाहिजे.

त्याला म्हटलं पीआरचे पाच तुकडे कर, आणि प्रत्येक तुकडा आधी तू वाच, मला समजावून सांगता येईल इतका वाच. तयार झाला.

९ डिसेंबर, मंगळवार

आजची नोंद मोठी होणार, पण ही लिहिलीच पाहिजे.

हिशेबाचा तुकडा रावेरच्या दादांकडे वाचायला गेला होता. रात्री साडेदहाला त्यांचा फोन, "वापसीला वजा का करून राहिले तुम्ही?"

ज्यांना केळीचा व्यवहार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे केळीचा भाव एक नसतो. नवती म्हणजे नव्या लागवडीचा माल, पिलबाग म्हणजे कापणीनंतर बुंध्याशी राखलेल्या पिलाचा माल, आणि वापसी म्हणजे उतरता, हलका माल, त्याचा भाव सगळ्यात कमी. पण तो माल विकलाच जातो, त्याचे पैसे शेतकऱ्याला मिळतातच. आता एआयला "वापसी" हा शब्द दिसला तेव्हा त्याने शब्दकोशातला अर्थ धरला, परत आलेला माल. आणि परत आलेला माल म्हणजे एकूणातून वजा. वर एक सुंदर मराठी कमेंटही लिहिली, "परत आलेला माल एकूण विक्रीतून कमी करणे". वाचणाऱ्याला वाटावं वा, किती विचार केलाय.

आकड्यात बघा. समजा नवती ४२ क्विंटल १,२०० ने आणि वापसी ६ क्विंटल ७०० ने. शेतकऱ्याचे व्हायला पाहिजेत ५४,६०० रुपये. आमचा कोड दाखवत होता ४६,२००. एका ट्रकमागे ८,४०० रुपयांचा फरक, आणि तोही शेतकऱ्याच्या विरुद्ध. हे ॲप गटात गेलं असतं, पावती छापून आली असती, आणि कॉम्प्युटरची पावती आहे म्हणजे बरोबरच असणार असं म्हणून एखाद्या म्हाताऱ्या माणसाने खिशात घातली असती. हे मनात आलं आणि रात्री झोप नाही लागली.

मग मला वाटलं टेस्ट कशा पास झाल्या. उघडून बघितलं तर टेस्टही त्याच बसल्या बैठकीत त्याच टूलने लिहिलेल्या. टेस्टमध्ये स्पष्ट लिहिलंय की वापसीची नोंद आली की एकूण कमी झालं पाहिजे. म्हणजे चुकीच्या समजुतीने कोड लिहिला आणि त्याच समजुतीने त्याला तपासलं, हिरवं तर होणारच. आम्ही चौघं हिरवा टिकमार्क बघून निश्चिंत झालो होतो.

एक गोष्ट मी वहीत वेगळी लिहून ठेवलीये. हा बग पकडायला फार मोठं प्रोग्रामिंग लागलं नाही. दादांनी लहानपणापासून ट्रक भरताना बघितलाय म्हणून पकडला गेला. पुण्यातल्या एखाद्या हुशार इंजिनियरने वाचला असता तर त्यालाही तो बरोबरच वाटला असता. आणि मला? मी जळगावची, केळी रोज बघते, मी तो तुकडा शनिवारी वाचला होता आणि पुढे गेले होते. कमेंट इतकी ठाम होती की डोळा अडलाच नाही. माणूस लिहितो तेव्हा जिथे खात्री नसते तिथे काहीतरी खूण सोडतो, "हे बघा जरा", "इथे डाउट आहे", निदान कोड तरी ओबडधोबड होतो. या कोडमध्ये बरोबर ओळ आणि चुकीची ओळ सारख्याच ठाम आवाजात बोलतात.

धुळेकरला सांगितलं. त्याचा आवाजच बसला. म्हणाला ताई, मला वापसी माहीतच नव्हतं, आमच्याकडे कपाशी. म्हटलं हेच तर, तुला माहीत नव्हतं तर तू विचारलं असतंस. टूलने विचारलं नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

हिशेबातच अजून एक. पैसे फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात, ठेवलेले. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत ०.१ अधिक ०.२ केलं की ०.३ येत नाही, शेपटीला ०.३०००००००००००००००४ असं येतं, म्हणून पैशाला डेसिमल, म्हणजे दशांश अचूक ठेवणारा प्रकार, वापरायचं हे पहिल्या वर्षात शिकवतात. एकदा सांगितलं की टूल लगेच डेसिमल करून देतं, त्याला माहितीच असतं. पण सांगणाऱ्याला माहीत पाहिजे. बदललं, तीन तास गेले.

१३ डिसेंबर, शनिवार, बामणोद

मामाच्या शेतात भरीत पार्टी. चौघं पहिल्यांदा एका ठिकाणी जमलो. पऱ्हाट्यांवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी, कांद्याची पात, आणि मध्ये लॅपटॉप. थंडी इतकी होती की दादा मध्येमध्ये उठून बाहेर जाऊन बघत होते, केळीला चरका बसतो की काय याची काळजी.

अमळनेरकरीण ठाम होती, एआयचा कोड पूर्ण बंद. तिचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. जगभर वापरल्या जाणाऱ्या मोठ्या खुल्या प्रकल्पांपैकी जेंटूने २०२४ च्या एप्रिलमध्ये बंदी घातली, पुढच्याच महिन्यात नेटबीएसडीने नियम केला की एआय मॉडेलने तयार केलेला कोड डागी समजायचा आणि कोअर टीमच्या लेखी परवानगीशिवाय आत घ्यायचा नाही, क्यूएमूनेही २०२५ मध्ये असे पॅच (कोडमधले बदल) नाकारायचं ठरवलं. क्यूएमूचं कारण मला पटतं. तिथे प्रत्येक पॅचखाली "साइन्ड-ऑफ-बाय" म्हणून स्वतःचं नाव लिहावं लागतं, त्याचा अर्थ हा कोड द्यायचा अधिकार मला आहे असं मी जाहीर करतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ही पद्धत २००४ मध्ये आली, एससीओ कंपनीने कोडच्या मालकीवरून कोर्टात खेचाखेची सुरू केली होती त्यानंतर. आता जो कोड मॉडेलने कुठून कुठून शिकून ओकला त्याच्याबद्दल मी तसं छातीठोक कसं लिहू, हा त्यांचा प्रश्न.

दादा म्हणाले पण आपण चौघं, दोघांना नोकरी, एकाला शेती, बंदी घातली तर कोण पाळेल आणि कोण तपासेल. लपून वापरतील. लपून वापरणं जास्त वाईट, कारण मग वाचणाऱ्याला कळणारच नाही की कुठला कोड जास्त बारकाईने वाचायचा. हे मला पटलं. लिनक्सवरच्या फेडोरा प्रकल्पाने आत्ताच ऑक्टोबरमध्ये दुसरा मार्ग धरला, वापरा, पण वापरल्याचं सांगा, आणि जबाबदारी पाठवणाऱ्याचीच. खुल्या सॉफ्टवेअरची मोठी संस्था असलेल्या अपाची फाउंडेशनच्या मार्गदर्शनातही कमिटमध्ये (बदलाच्या नोंदीत) "जनरेटेड-बाय", म्हणजे कोणत्या टूलने तयार केलं, अशी खूण ठेवायची सूचना आहे.

मामा भरीत वाढता वाढता ऐकत होते. मामांनी तरुणपणी बरीच वर्षं मापाडी म्हणून काम केलंय. म्हणाले, "आधी दांडीचा काटा होता, मग इलेक्ट्रॉनिक आला. काटा बदलला म्हणून पावतीवर मी सही करायची थांबलो का? वजन चुकलं तर शेतकरी माझ्याच घरी यायचा, काट्याच्या घरी कसा जाईल."

यावर कोणी काही बोललं नाही. अमळनेरकरणीने लॅपटॉपवर तेच वाक्य लिहून घेतलं.

१६ डिसेंबर, मंगळवार

नियमांचा पहिला मसुदा. लिहायला बसले तेव्हा वाटलं अर्ध्या तासाचं काम, लागले दोन दिवस, कारण प्रत्येक वाक्यावर धुळेकर खरा प्रश्न विचारत होता. उदाहरणार्थ मी लिहिलं "एआय वापरल्यास नमूद करा". तो म्हणाला, ओळ पूर्ण करून देतं ते पण? मी फॉर लूप टाइप करायला घेतला आणि त्याने पुरा केला, ते पण लिहू? नाही, ते नको. मग सीमा कुठे? शेवटी असं ठरवलं की रचना, तर्क किंवा आख्खं फंक्शन त्याच्याकडून आलं असेल तर सांगायचं, कमिटच्या तळाला "असिस्टेड-बाय" (मदत कोणाची) आणि टूलचं नाव, आणि पीआरमध्ये दोन ओळी की काय मागितलं होतं आणि मी त्यात काय बदललं. शब्द पुरे करून देणं सोडून द्यायचं.

दुसरं, साइन्ड-ऑफ-बाय फक्त माणसाचं. तिसरं, एका पीआरमध्ये अडीचशेच्या वर ओळी नकोत, मग त्या हाताने लिहिलेल्या असोत की कशाही. हा आकडा कुठल्या अभ्यासातून आलेला नाही, मला एका रात्रीत लक्ष देऊन तेवढंच वाचता येतं म्हणून तो आहे. आणि ज्या टेस्ट हिशेब तपासतात त्यांची उदाहरणं खऱ्या जुन्या पावत्यांवरून माणसाने काढायची, दादा काढणार. त्यांच्या घरी दहा वर्षांच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत आहेत.

अमळनेरकरीण अजून पूर्ण खूश नाहीये. म्हणाली मी स्वतः वापरणार नाही, चालेल ना? चालेल म्हणजे काय, तुझ्या नजरेची तर गरज आहे.

२२ डिसेंबर, सोमवार

आज धुळेकरने स्वतःहून थांबून विचारलं म्हणून एक संकट टळलं. पावतीवर आकडे देवनागरीत टाइप होतात, ते साध्या आकड्यांत बदलायचे होते. टूलने सांगितलं अमुक पॅकेज (दुसऱ्याने लिहून इंटरनेटवर ठेवलेला तयार कोड) इन्स्टॉल करा. नाव अगदी विश्वास बसेल असं. याने इन्स्टॉल करायच्या आधी शोधलं तर ते पॅकेज अस्तित्वातच नाही.

हसण्यावारी नेण्यासारखं नाहीये हे. मॉडेल अशी हवेतली नावं वारंवार देतात, आणि कोणी बदमाश ते नाव बघून त्याच नावाने खरंच एक पॅकेज चढवून ठेवतो, आत काय घालायचं ते त्याच्या मर्जीवर. याला आता स्लॉपस्क्वॉटिंग असं नावच पडलंय. सोळा मॉडेलांकडून ५,७६,००० कोडचे नमुने करून घेऊन संशोधकांनी मोजलं तेव्हा कमर्शियल मॉडेलांत सरासरी किमान ५.२ टक्के आणि ओपन मॉडेलांत २१.७ टक्के पॅकेजं न-असलेली निघाली. आमच्यासारखा रात्री बारा वाजता झोपेत पिप इन्स्टॉल (पायथनची पॅकेजं घ्यायची आज्ञा) मारणारा माणूस त्यात पहिला सापडणार.

आणि खरी गंमत अशी की पॅकेज लागतच नव्हतं. पायथनला देवनागरी आकडे आधीपासून कळतात, त्याच्या इंट या आकडा करून देणाऱ्या फंक्शनमध्ये सरळ "१२३" टाकलं तर तो १२३ समजतो, डेसिमललाही कळतात. एका ओळीत काम झालं. धुळेकर इतका खूश झाला की रात्री दीड वाजता मेसेज, "ताई हे मी डॉक्युमेंटेशन वाचून शोधलं".

नियमात भर, नवीन पॅकेज घ्यायचं तर दोघांची संमती, आणि ते किती जुनं आहे, कोण सांभाळतंय हे उघडून बघायचं.

३० डिसेंबर, मंगळवार

ही नोंद लिहायला मला जड जातंय, पण लपवली तर बाकीच्या नोंदींना काही अर्थ राहत नाही.

काल रात्री सर्व्हरवर एरर आली, चोपड्याच्या एका गटाचा जुना डेटा आत घेताना. लॉग (सर्व्हरने काय काय केलं त्याची नोंद) लांबलचक होता, मी आख्खा उचलला आणि एआयच्या चॅटमध्ये पेस्ट केला, विचारलं काय झालंय सांग. त्याने दहा सेकंदात बरोबर सांगितलं, तारखेचा फॉरमॅट. मी दुरुस्त केलं, झोपले. सकाळी चहा घेताना आठवलं की लॉगमध्ये ओळीच्या ओळी डेटा होता. उघडून मोजलं. ३८ शेतकऱ्यांची नावं, मोबाईल नंबर, आणि अकरा जणांचे बँक खाते क्रमांक. माझ्या पर्सनल अकाउंटवरून, बाहेरच्या एका कंपनीच्या सर्व्हरवर.

नियम मी लिहिले. त्यात टूलकडून काय घ्यायचं यावर दोन दिवस चर्चा केली, आणि त्याच्याकडे काय द्यायचं यावर एक शब्द नव्हता. कोणाच्याच डोक्यात आलं नाही, सगळ्यात आधी माझ्या यायला पाहिजे होतं.

संभाषण डिलीट केलं, सेटिंगमध्ये ट्रेनिंगसाठी वापर बंद केला, पण गेलेलं गेलं, ते परत आणता येत नाही. दुपारी बसने चोपड्याला गेले. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. गटाच्या अध्यक्ष काकांना समोर बसून सांगितलं, काय गेलं, कुठे गेलं, काय होऊ शकतं, खात्यावर लक्ष ठेवा, कोणी फोन करून ओटीपी मागितला तर देऊ नका, आणि ज्यांची नावं होती त्या सगळ्यांना सांगा. त्यांनी ऐकून घेतलं. चिडले नाहीत, पण म्हणाले, "ताई, आम्ही नंबर तुम्हाला दिला होता." एवढंच म्हणाले. येताना बसमध्ये तेच वाक्य कानात.

कायदा आहे, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, त्याचे नियमही आत्ता नोव्हेंबरमध्ये निघाले आणि टप्प्याटप्प्याने लागू होतायत. तो वाचून घेतलाच पाहिजे आणि घेणार आहे. पण काकांच्या वाक्याला कायद्याची गरज नव्हती.

आज रात्रीच तीन गोष्टी केल्या. लॉगमध्ये नाव-नंबर-खातं छापणंच बंद केलं, तिथे फक्त आयडी. टेस्टसाठी खोटा डेटा बनवणारी स्क्रिप्ट, खोटी नावं, खोटे नंबर, आता डेव्हलपमेंटला खरा डेटा कोणाच्या लॅपटॉपवर राहणार नाही, माझ्याही नाही. आणि पासवर्ड, एपीआय की (बाहेरच्या सेवा वापरायच्या गुप्त किल्ल्या) असलेल्या फाइल टूलला दिसणारच नाहीत अशी एडिटरची सेटिंग सगळ्यांच्या मशिनवर एकेकाला फोन करून करून घेतली. नियमात पहिलं कलम आता हे आहे, शेतकऱ्याची माहिती कोणत्याही चॅटमध्ये जाणार नाही, आणि गेली तर त्याच दिवशी सांगायचं.

६ जानेवारी २०२६, मंगळवार

नवीन माणूस आला. शहाद्याची पोरगी, इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, पहिलाच पीआर. छोटं काम, पावतीवर तारीख मराठीत दाखवणे. तिने असिस्टेड-बाय नीट लिहिलं होतं, छान वाटलं. मी एक प्रश्न विचारला, की महिन्याचं नाव इथे का ठेवलंस, तर पाच मिनिटांत उत्तर, चार परिच्छेद इंग्रजीत, "आपल्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल आभार" अशा सुरातलं, आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात कुठेच नाही. माझा प्रश्न तिने चॅटला दिला आणि त्याचं उत्तर मला.

फोन केला. बिचारी घाबरली होती. म्हणाली ताई, माझं इंग्रजी चांगलं नाही, मला वाटलं तुम्ही हसाल. मी म्हटलं अगं मराठीत लिही, अहिराणीत लिही. मग तिने लिहिलं, "हाई काबर करं ते माले बी नीट समजनं नही, पन तठे ठेवं ते चालनं" (हे का केलं ते मलाही नीट समजलं नाही, पण तिथे ठेवलं तर चाललं). इतक्या दिवसांतलं सगळ्यात उपयोगी उत्तर. आता मला कळलं तिला काय कळलं नाहीये, आणि वीस मिनिटांत ते बोलून झालं.

हे कलम मात्र मी हट्टाने घातलं, रिव्ह्यूमधली उत्तरं स्वतःच्या शब्दांत. कोडला मदत घ्या, भाषांतराला घ्या, पण मी तुझ्याशी बोलत असताना मधे तिसरा नको. शिकणाऱ्या पोरांना तर याची जास्तच गरज आहे, दोन वर्षांनी मर्जचं बटण तिच्याकडे द्यायचंय मला, आणि ते फक्त वाचता आलेल्या माणसाला देता येतं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळगूळ. काम कमी.

चांगलंही लिहिलं पाहिजे, नाहीतर नोंदी एकांगी होतील. दादांच्या पेटीतल्या पावत्यांचे फोटो काढून त्यातले आकडे टेबलात आणायला एआयने प्रचंड मदत केली (नावं-नंबरांवर कागद ठेवून फोटो काढले), प्रत्येक आकडा दादा आणि वहिनींनी मूळ पावतीशी जुळवला, आणि तरीही चार संध्याकाळीत झालं. जुन्या कोडमधलं एक अगम्य फंक्शन त्याने मला समजावून सांगितलं. आणि मी आता माझा कोड पाठवायच्या आधी त्याला विचारते की यात काय मोडू शकतं, दहातले चार मुद्दे कामाचे निघतात.

वेगाबद्दल मात्र मी आता जपून बोलते. २०२५ मध्ये एमईटीआर या संस्थेने १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरांवर २४६ कामं घेऊन प्रयोग केला, एआय वापरून त्यांना वेळ १९ टक्के जास्त लागला, आणि काम झाल्यावरही त्यांना वाटत होतं की आपण २० टक्के भराभर केलं. ते त्यांच्या ओळखीच्या, मोठ्या कोडबद्दल होतं, सगळीकडे तसंच असेल असं नाही. पण धुळेकरच्या चौदाशे ओळी आठवल्या. लिहायला एक रात्र, आणि सहा आठवडे झाले तरी त्या अजून पूर्ण आत गेलेल्या नाहीत.

२३ जानेवारी, शुक्रवार

कर्लची बातमी वाचली. जगातल्या जवळपास प्रत्येक फोनमध्ये, गाडीत, टीव्हीत इंटरनेटवरून डेटा आणणारा-पाठवणारा हा छोटा प्रोग्राम आहे, आणि त्यात सुरक्षेची चूक शोधून देणाऱ्याला ते पैसे द्यायचे. आता ती योजनाच या महिनाअखेर बंद. कर्ल लिहिणारा आणि सांभाळणारा डॅनियल स्टेनबर्ग दोन वर्षांपासून सांगतोय की एआयने लिहिलेले, दिसायला भारदस्त आणि आतून पोकळ रिपोर्ट येऊन पडतात, आणि प्रत्येक रिपोर्ट खरा असू शकतो म्हणून माणसाला बसून वाचावाच लागतो.

आमचा प्रकल्प त्याच्यापुढे मुंगी. पण वाचणाऱ्याचा वेळ दोन्हीकडे तोच. दादा बागेला रात्रीची लाइट येते तेव्हा पाणी सोडून विहिरीवर बसून मोबाईलवर रिव्ह्यू करतात. त्यांच्या त्या तासावर कोणाचा हक्क आहे हे पाठवणाऱ्याने आधी मनात आणावं, एवढंच मला वाटतं.

१ फेब्रुवारी, रविवार, चोपडा तालुका

पहिली खरी कापणी आमच्या पावतीवर. कांदेबागाचा, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीचा, माल, सकाळी सातला काटा लागला. काका स्वतः उभे होते, आणि डिसेंबरनंतर त्यांच्यासमोर जाताना माझे पाय जड झाले होते, पण त्यांनी चहा दिला आणि म्हणाले आधी हाताने हिशेब करू, मग तुमचं बघू. बरोबरच आहे. दादांनी वहीत केला, शहाद्याच्या पोरीने मोबाईलवर. नवती, पिलबाग, वापसी, तिन्ही रकाने, एकूण रुपयापर्यंत जुळलं. काकांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवून दोनदा बघितले, वहीचा कागद खिशात घातला आणि आमची पावती मापाड्याकडे सहीला दिली.

थकबाकीचा भाग कालच मर्ज झाला, धुळेकरचाच, ९० ओळी. खाली त्याने लिहिलं होतं: "रचना टूलकडून घेतली. तारखेची दुहेरी तुलना मी काढली, कारण गरज नव्हती. व्याजाचा नियम गटाच्या काकांना फोन करून विचारला. रविवारच्या सुट्टीचं काय होतं ते मला कळलेलं नाही, तिथे बघा." मी तिथे बघितलं. खरंच चुकलं होतं, दोघांनी मिळून दुरुस्त केलं.

राहिलेलं काम: उन्हात स्क्रीन अजिबात दिसत नाही, मापाडी हाताची सावली करून आकडे वाचत होते. अक्षरं मोठी आणि गडद करायची, अमळनेरकरीण बुधवारपर्यंत करणार आहे. आणि प्रिंटरला "ळ" नीट छापता येत नाही, पावतीवर "केळी" चं "केी" येतंय, हे माझ्याकडे.